जुळलेली सही

“काका, सही तुमचीच आहे,” बँकेतले तरुण साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा अर्ज पेंटरपुढे सरकवला. “नमुन्याशी तंतोतंत जुळतेय. तुम्हीच बघा.”

पेंटरने बघितलं. माझा पत्ता बदलला आहे, मोबाइल नंबर बदलला आहे, क्रेडिट कार्ड हरवलं आहे, तरी नवं कार्ड नव्या पत्त्यावर पाठवावं, असं अर्जात लिहिलं होतं. खाली त्याचं नाव, त्याची सही आणि मागे त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. हरवलेलं कार्ड मात्र त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. सकाळी रंगाच्या दुकानातल्या मशीनने ते घेतलं नाही, म्हणून तर तो हातावरचा हिरवा रंगही न पुसता बायकोला घेऊन इथे आला होता.

नवं कार्ड तीन आठवडे हौसेने फिरलं होतं. साहेबांनी यादी वाचली. विमानाची दोन तिकिटं, भिंतभर टीव्ही आणि घरातल्या घरात पळायचं मशीन.

“दिवसभर शिडी चढणारा माणूस घरी येऊन पळेल कशाला?” पेंटरची बायको म्हणाली. “आणि तिकिटं दोन? मी तर कुठे गेले नाही. यांनी नेलं कुणाला?”

“अगं, मी तरी कुठे गेलोय?” पेंटर घाईघाईने म्हणाला.

“ते नवं कार्ड मी आत्ताच बंद केलंय,” साहेब म्हणाले. “पण सही तुमची ठरली, तर आतापर्यंतचं बिल तुम्हालाच भरावं लागेल.”

पेंटरने मनात हिशोब केला. वर्षभर रंगवलेल्या पाट्या त्या एका बिलात जाणार होत्या. त्याहून जास्त त्याला लागलं ते हे, की आपण खोटं बोलतोय असं या पोराला वाटतंय.

शेजारच्या काउंटरवरच्या बाई इतका वेळ पासबुकं छापत होत्या, पण कान इकडेच होते. निवृत्तीला दोन महिने राहिल्यापासून त्या कुणाला विचारून बोलत नसत.

“जुळतेय म्हणता?” त्या म्हणाल्या. “मग ती यांची नव्हेच.”

“म्हणजे?”

“अठरा वर्षं मी या माणसाचे चेक परत करतेय. सही जुळत नाही म्हणून. दर वेळी समोर बसवून ओळख पटवावी लागते. पेंटर, आज कसली पाटी चाललीय?”

“दवाखान्याची.”

“करा सही.” बाईंनी कोरा कागद पुढे केला.

पेंटरने सही केली. ताठ, सरळ, औषधाच्या बाटलीवर असावी तशी.

“आता समजा, बेकरीची.”

अक्षरं गुबगुबीत झाली, शेवटच्या अक्षराला शेपूट आलं.

“सर्कस.”

तिसरी सही कागद सोडून टेबलावर गेली. मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

“ज्या पाटीचं काम असेल ना, तिच्या अक्षरातच हात अडकतो,” पेंटर ओशाळून म्हणाला.

“लग्नाच्या नोंदणीला सही तीनदा करायला लावली होती यांना,” बायको म्हणाली. “मला वाटलं, माणूस माघार घेतोय.”

साहेबांनी झेरॉक्स अर्जावर ठेवून उजेडात धरली. अर्जावरची सही ओळखपत्रावरच्या सहीवरून जशीच्या तशी गिरवलेली होती.

“पण ती बँकेच्या नमुन्याशी कशी जुळली?” त्यांनी विचारलं.

“ओळखपत्र आणि खातं एकाच दिवशी काढलं होतं,” बायको म्हणाली. “तेव्हा शाळेची पाटी चालू होती.”

“आणि झेरॉक्स कुणाकुणाला दिल्यात?”

“कुणाला नाही दिल्या, ते विचारा,” बायकोच म्हणाली.

साहेबांनी अर्जावर लाल पेनने मोठी फुली मारली. “काका, माफ करा,” ते म्हणाले. “बिल तुमच्याकडे येणार नाही, ते मी बघतो.” पेंटरने खुर्चीत पहिल्यांदा पाठ टेकली.

बाईंनी ड्रॉवरमधून तक्रारीचा फॉर्म काढला. तुमची नाही ती खरेदी इथे लिहा, पोलिसांत तक्रार करून तिची प्रत आणून द्या, खात्याला तुमचा नंबर परत जोडून घ्या आणि यापुढे झेरॉक्सची खिरापत वाटू नका, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. पेंटरने टीव्ही लिहिला, तिकिटं लिहिली, पळायचं मशीन लिहिलं. मग सहीची जागा आली.

“अहो, एवढी एक तरी नीट करा,” बायको हळूच म्हणाली.

पेंटरने पँटला हात पुसला. टेबलावरचा नमुना समोर ओढला. श्वास रोखून, गिऱ्हाईक उभं असल्यासारखं, एकेक अक्षर मोजून त्याने सही केली. हुबेहूब झाली. त्याने अभिमानाने बायकोकडे बघितलं.

बाईंनी चष्मा वर सारून सही बघितली, नमुना बघितला आणि फॉर्म परत त्याच्यापुढे ठेवला.

“ही चालणार नाही, पेंटर. तुमची करा.”