चहा उकळेपर्यंत

सुयशच्या मते त्याच्या बाबांइतका रिकामटेकडा माणूस अख्ख्या दुबईत नव्हता. महिनाभर पेटी घेऊन एकच यमन घोटत बसायचं म्हणजे काय!

"बाबा, सो स्लो! माझ्या लॅपटॉपवर ठेका रेडी, सूर रेडी. उचलायचे, जोडायचे, खलास! तुमचा सा लागेपर्यंत माझं गाणं अपलोडसुद्धा होतं."

चहा उकळेपर्यंत त्याने खरंच एक गाणं बनवलं आणि बाबांना व्हॉट्सॲप केलं. हमरिया भागातल्या त्यांच्या ऑफिसच्या व्हॉइस नोट्स ऐकतात, तसंच बाबांनी ते त्याच्यासमोर दुप्पट वेगाने ऐकलं, "छान" म्हणाले आणि पुन्हा पेटी पुढे ओढली.

सुयश फणफणला, "बाबा, गाणं काय असं उरकतात?"