मामाने दाखवलेलं शहर

एक.

त्या माणसाचं नाक डब्यातल्या दांड्यावर आपटलं, तेव्हा सुनीती खिडकीतून खालचा कालवा बघत होती. आवाजाने ती वळली. उदयसिंह मामाने त्याची मान धरली होती आणि तो त्याला दुसऱ्यांदा आपटत होता. शांतपणे, खिळा ठोकावा तसा.

"मामा! काय झालं?"

"तुला चिकटून उभा होता."

"अहो, गर्दी आहे."

"गर्दी मला चिकटली नाहीं."

पुढच्या स्टेशनवर तो माणूस बाहीने रक्त टिपत उतरला. मामाने रुमालाला हात पुसले आणि लोकांनी घाबरून रिकाम्या केलेल्या सीटकडे बोट केलं. "बैस गे."

चेन्नईत येऊन तिला चार तास झाले होते. बॅग मामाच्या वेलचेरीच्या घरी ठेवली होती. संध्याकाळी सहाला हॉस्टेलची नोंदणी. तोपर्यंत मामा शहर दाखवणार होता. एम.एस्सी.ची दोन वर्षं. सहानंतर कुठे जातेस, कुणाशी बोलतेस, हे विचारणारं कुणी नसणार होतं. सातारा ते चेन्नई ती तेवढ्याच विचारावर जागी राहिली होती.

या मामाला ती आज पहिल्यांदाच बघत होती. आई तंजावरच्या मराठ्यांतली. घरात ठरलेलं लग्न मोडून ती बाबांबरोबर साताऱ्याला पळाली, तेव्हा हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. पुढे तेवीस वर्षं माहेराने तिचं नाव घेतलं नाही. बाबा गेले, आणि या उन्हाळ्यात आईनेच फोन लावला. पोरीला सांभाळा, एवढंच मागितलं, असं ती म्हणाली.

सांभाळत होता खरा. आवडी या उपनगरातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात काम करून दणकट झालेले हात. सुनीतीला थोडी भीती वाटली. थोडी मजाही.

दोन.

मरीना किनाऱ्यावर एकाने मोबाइल वर केला.

मामाने आधी मोबाइल घेतला, मग बोट. भुईमुगाची शेंग फुटावी तेवढाच आवाज झाला. माणूस वाळूत गुडघ्यांवर बसला आणि ओरडायला त्याला क्षणभर उशीर झाला.

"तो समुद्राचा फोटो काढत होता, मामा!"

"समुद्र त्या बाजूला आहे."

आता मजा संपली होती.

"मला हॉस्टेलला सोडा. आत्ता."

"अजून दोनच वाजले. कोवलम राहिलें. तूंच म्हणालीस ना, कोवलम बघायचें?"

तीच म्हणाली होती. चेन्नईबाहेरच्या या कोवलमच्या किनाऱ्यावर दर्शन येणार होता. साताऱ्याच्या कॉलेजातला, वर्षभर चेन्नईत शिकणारा. अचानक भेट झाल्यासारखं करायचं ठरलं होतं. येऊ नकोस, एवढा मेसेज टाकायला तिने हात पुढे केला.

"माझा फोन द्या ना, मामा."

"राहूं दे माझ्या खिशांत. वाळू जाते."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. मामाने वाटेतलं सगळं दाखवलं. तिला काहीच दिसलं नाही.

तीन.

"अरे, सुनीती! तू इकडे कुठे?"

दर्शन होड्यांच्या मधून हसत आला. घोकून ठेवलेलं वाक्य. नवा शर्ट.

"कोण?" मामाने विचारलं.

"कॉलेजमधला. ओळखीचा."

"सेरी, बरें," म्हणत मामाने हात पुढे केला. दर्शनने तो धरला. मग तो मामाने सोडलाच नाही.

पहिला ठोसा पोटात बसला. दुसऱ्याने ओठ फाटला. तिसऱ्यासाठी मामाने होडीवर टेकवलेलं वल्हं उचललं. त्या हिसक्यात त्याच्या खिशातला तिचा फोन वाळूत पडला. सुनीतीने झडप घातली.

"आई! मामा दर्शनला मारतोय! सांग ना त्याला! मरेल तो!"

वल्हं वर गेलं.

"आई!"

"मी मोडलं, सुनी," आई हळू म्हणाली. "तेवीस वर्षं मला माणसं नव्हती. तू नको मोडूस." आणि फोन ठेवला.

वल्हं दर्शनच्या गुडघ्यावर उतरलं. सुनीती मामाच्या दंडाला लोंबकळली, चावली, तमिळ येत नव्हतं म्हणून नुसतीच किंचाळत राहिली. जाळी टाकून कोळी धावले. तिघांनी मामाला मागून आवळलं. एका आडदांड माणसाने वल्हं हिसकावलं आणि मामाच्याच डोक्यावर उगारलं. एका म्हातारीने मामाची गचांडी धरून काहीतरी विचारलं. प्रश्न तमिळ होता, पण तिचं बोट सुनीतीकडे होतं.

वाचलो, असं सुनीतीला वाटलं. तिने दर्शनचं डोकं मांडीवर घेतलं. तो श्वास घेत होता.

मामाने तमिळमध्ये दोनच वाक्यं सांगितली.

मागच्या तिघांनी हात काढून घेतले. म्हातारीने गचांडी सोडली आणि मामाची कॉलर नीट करून दिली.

"काय... काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"खरें तेंच. अक्काची मुलगी म्हटलें. शुक्रवारीं लग्न आहे म्हटलें."

"कुणाचं?"

"आपलें. अक्काच्या मुलीवर इथें मामाचाच हक्क."

आडदांड माणसाने वल्हं मामाच्या हातात परत दिलं.