मळलेली पानं

माझ्या लिनेटच्या ऑफिसात पंधरा दिवसांनी प्रोग्रामिंगची परीक्षा होती. नापास होणाऱ्यांना घरी बसवणार होते. आमच्या घराजवळच्या बेव्हर्ली पार्कमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती एक पुस्तक उचलायची, ठेवायची, दुसरं उचलायची.

"नुसत्या पायथनचीच सतरा हायत, पप्पा. कुठलं घेऊ?"

मी वाचायला शिकलो पंचावन्नाव्या वर्षी, तेही ओळीखाली बोट फिरवत. त्या पुस्तकांतलं मला काही कळत नव्हतं, पण बोटांचे डाग कळत होते. एकेक पुस्तक घेऊन मी पानांच्या कडा बघू लागलो.

"काय शोधताय? मला घाई हाय."

"हे बघ, बाय. पहिली वीस पानं मळलीत, पुढची कोणी उघडलीच न्हाय. हे पण तसंच. ह्याने तर दहा पानांतच हात टेकले."

अकरावं पुस्तक मात्र शेवटच्या पानापर्यंत मळलं होतं. लिनेटने ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं. आठवड्यात पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला.

"भैया, ये किताब जिसकी थी, उसको जॉब लगा क्या?"

"लगा था, मॅडम," पिशवी उघडत दुकानदार म्हणाला. "मेरी ही किताब है. पिछले साल कंपनी ने निकाल दिया, तब ये दुकान डाली."