पाठ झालेले शब्द

पेशंटशी थेट त्यांच्या भाषेत बोलता यावं म्हणून डॉक्टर गिरिजा ग्वातेमालाला गेली आणि तिथल्या एका कुटुंबात दोन महिने राहून स्पॅनिश शिकून आली. अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या क्लिनिकमध्ये तिचं फार कौतुक झालं. म्हाताऱ्या एल्विराबाई तर आता दुसऱ्या कुणाकडे जायलाच तयार नसत.

आज त्यांच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला होता, आणि तो चांगला नव्हता. गिरिजाने आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग नातवंडांची. मध्येच उठून तिने उगाचच खिडकीचा पडदा सारखा केला आणि पुन्हा येऊन बसली. सांगायचे शब्द तिला सगळे येत होते. ग्वातेमालातल्या त्या घरच्या बाईंनी ते तिच्याकडून घोकूनच घेतले होते.

"काय आलंय गं पोरी रिपोर्टमध्ये?" एल्विराबाईंनी हसून विचारलं. "तूच सांगणार आहेस, म्हणून मला भीती नाही वाटत."

गिरिजाने रिपोर्टचा कागद टेबलावर पालथा ठेवला.

मग एकही चूक न करता, स्वच्छ स्पॅनिशमध्ये ती म्हणाली, "माझं स्पॅनिश अजून कच्चं आहे हो. थांबा, मी दुभाष्याला बोलावते."