अर्ध्या मीटरवर साडेबावीस किलो

टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर पडला की टक् वाजणारा पाना, वाइसच्या लोखंडी जबड्यात आडवा पकडला होता. मुठीला, बरोबर अर्ध्या मीटरवर, मोठी रिकामी बादली टांगलेली.

“एकशेदहावर लावलाय,” तो म्हणाला. “त्या दिवशी लावला होता तेवढाच.”

बायकोने कागदावर आकडेमोड केली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली तिची नोकरी; घरातला वजनकाटासुद्धा ती जिथल्या तिथे लावून ठेवायची. “बादली अर्धा किलो, वर बावीस लिटर पाणी. तेव्हा टक् व्हायला हवं.”

गॅरेजवाला मेव्हणा भिंतीला टेकून उभा होता. “भाऊजी, मी कानीकपाळी ओरडत होतो. एवढ्या स्वस्तात रेंच नाही, खेळणं मिळतं. त्या दिवशी फोन करूनसुद्धा सांगितलं.”

“हो. आकडा लावला आणि तुझा फोन आला. बोलून आलो, गाडीच्या चाकाचे पाचही नट आवळले. पाचही वेळा टक् झालं. हाताला जरासुद्धा जोर पडला नाही. वाटलं, काय सोयीची वस्तू आहे.”

दुसऱ्या दिवशी वळणावर त्याच गाडीचं ते चाक निखळलं. गाडीत त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

याला दोन महिने झाले. रेंच खोटा निघाला, तर दोष रेंचचा. खरा निघाला, तर त्याच्या हातांचा. दोन महिने त्याने साधा पेचकसही हातात धरला नव्हता.

बायको लिटरच्या मापाने पाणी ओतू लागली. वीस. एकवीस. बाविसावं माप संपत आलं आणि रेंच वाजला.

टक्.

तो स्टुलावर बसला.

“एकदा झालं म्हणजे झालं असं नाही,” मेव्हणा म्हणाला. “परत घेऊ.” तो बादली रिकामी करायला बाहेर गेला. तेवढ्यात आत फोन वाजला. मुलाचा बाप जड पावलांनी उठून घ्यायला गेला. चुकीचा नंबर होता.

परत आला तेव्हा बादली टांगलेली होती. बायकोने ओतायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चौथ्या मापाला—

टक्.

“बघा!” मेव्हणा ओरडला. “म्हटलं नव्हतं, भंगार आहे म्हणून?”

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने छातीभर श्वास घेतला. मग सवयीने वाकून मुठीवरचा आकडा पाहिला.

“हा वीसवर कुणी आणला?”

“मी,” बायको फडक्याला हात पुसत म्हणाली. “तुम्ही फोन आला की तसाच टाकून जाता. स्प्रिंग दाबलेली राहू नये, म्हणून मी दर वेळी आकडा खाली आणून ठेवते.”