भिंतींना गोधड्या

डिझायनर ऋजुता आत आली आणि दारातच थबकली. तिने सजवलेल्या शुभ्र हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत सगळ्या भिंतींवर गोधड्या लटकत होत्या.

"काकू, हे काय? आज फोटो काढायचे होते ना! एवढा क्लीन लुक केला होता."

"फोटो नंतर. आधी ती चिकटपट्टी दे इकडे," शिडीवरून शालन म्हणाली.

"अहो, या नव्या प्रकारच्या भिंती वास शोषून घेतात म्हणून तर सगळे त्या मागतात. फोडणीचा वास सोफ्यापर्यंत जात नाही."

"मामंजींपर्यंतही जात नाही. म्हणून तर झाकतेय भिंती."

शालनच्या सासऱ्यांना हल्ली माणसं ओळखू येत नसत, वेळ कळत नसे. पण जुन्या घरात लसणाची फोडणी पडली की ते आपणहून पाटावर येऊन बसत. या घरात येऊन नऊ दिवस झाले होते. समोर ताट ठेवलं तरी ते दोन घासांवर तोंड फिरवत.

ऋजुताने पट्टी दिली. मग चपला काढून खुर्चीवर चढली आणि शेवटच्या गोधडीचं टोक धरलं.

शालनने मेथीसाठी मूठभर लसूण तेलात टाकला आणि गॅस मुद्दाम मोठा ठेवला. ऋजुताला ठसका लागला.

आतला पलंग करकरला.

"कोण आहे गं स्वयंपाकाला?" मामंजी दारात येऊन कडाडले. "लसूण करपला की सगळा!"

"करपला खरा," शालन म्हणाली, आणि डायनिंग टेबल बाजूला ढकलून तिने पाट मांडला.