वेदना शून्य

"तुमच्या चिपमध्ये नोकरीच्या बाराही वर्षांची वेदना शून्य नोंदली आहे, निकम," सैनिकी पेन्शन कचेरीच्या खिडकीमागच्या देवस्थळी बाई म्हणाल्या. "म्हणून अपंगत्वाचा दावा फेटाळला. तुमचं दुखणं निवृत्तीनंतरचं ठरतं."

निवृत्त हवालदार आनंदराव निकम काठीवर रेलले. भरतीच्या दिवशी मानेत चिप बसवून त्यांची वेदना बंद करण्यात आली होती. म्हणूनच मांडीचं हाड मोडलेलं असतानाही ते जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन चार कोस चालले. निवृत्तीच्या दिवशी चिप काढून घेतली आणि त्या चार कोसांचं दुखणं जे जागं झालं, ते पुन्हा निजलंच नाही.

"दुखणं तुम्हीच बंद केलंत, आणि आता विचारता, दुखलं का नाही?"

"मी नाही, नियम विचारतो."

आनंदरावांनी कोटावरचं शौर्यपदक काढून मानपत्रासह खिडकीत ठेवलं. "वाचा. 'असह्य वेदनांची तमा न बाळगता.' खाली तुमच्याच खात्याची सही आहे."

बाईंनी वाचलं. त्यांचा आवाज खाली आला. "काका, हे वर पाठवलं तर मानपत्रच चुकीचं ठरवतील. पदक परत मागतील."

"मागतील कशाला? ठेवूनच घ्या!" रांग वळून पाहू लागली. "फक्त पोच द्या. तिच्यावर लिहा, या माणसाला काहीही दुखलं नाही. आणि सही करा."

बाईंनी पेन उचललं. ते कागदावर टेकेना. "बसा तरी, काका."

"कशाला? नोंदीप्रमाणे मला उभं राहायला काहीच त्रास नाही," आनंदराव म्हणाले, आणि हातातली काठीही त्यांनी पदकाशेजारी ठेवून दिली.